डाव्या बाजूला कोण बसणार

अण्णा, मी गाडी घेतेय. तुम्ही म्हणाल, त्यात काय सांगायचं, दारात एक उभी आहे की. पण ही तसली नव्हे. ही स्पोर्ट्स कार आहे. दोनच माणसं बसतात, सामानाला जागा म्हणाल तर एक पिशवी आणि फार तर तिच्यावर जेवणाचा डबा, आणि उंची इतकी कमी की कुपवाडच्या माझ्या कारखान्यातल्या वॉचमनला सलाम ठोकायचा तर आधी वाकावं लागेल. रंग लाल. तुमचे जावई म्हणाले, बावन्नाव्या वर्षी पांढरी जरा बरी दिसेल. मी म्हटलं, पांढरं काय ते डोक्यावर आहे तेवढं पुरे. त्यावर ते हसले आणि पुन्हा पुस्तकात डोकं घालून बसले. माणूस चांगला बघून दिलात तुम्ही मला, वाद घालत नाही.

तुम्ही गेलात तेव्हा माझ्याकडं भाड्याची एक शेड, एक जुनं लेथ मशीन आणि दोन कामगार होते. आता पंपाचे सुटे भाग करतो आम्ही, आणि सकाळी गेटच्या आत मोटारसायकली लावायला जागा पुरत नाही. त्यामुळं गाडी झेपते का हा प्रश्न नाही. शोभते का, हे मात्र सांगलीतली माणसं मला रोज विचारतात, तोंडानं नाही, भुवईनं. विचारू देत. मला लहानपणापासून गाड्यांचं वेड, आणि ते कुणी लावलं हे तुम्हाला मी सांगायला नको.

तर गंमत अशी की ही गाडी शोरूममधून तयार उचलून आणता येत नाही. आधी ऑर्डर द्यायची, मग ती तिकडं परदेशात बनते, आणि बनायच्या आधी हे लोक एक यादी पाठवतात. गाडी कंपनीची, पण वरचं काय काय हवं ते तुम्ही निवडा म्हणतात. आणि यादी म्हणजे काय विचारता! लग्नाच्या याद्या हिच्यापुढं काहीच नाहीत. सीटबेल्ट कुठल्या रंगाचा हवा. सीटवरची शिवण कुठल्या दोऱ्याची हवी. चाकाच्या आत ब्रेकचा चिमटा असतो, तो लाल रंगवू की पिवळा. किल्ली गाडीच्या रंगाची हवी का. मागं लिहिलेलं गाडीचं नाव ठेवू की काढू. स्टिअरिंग गरम करून हवं का. सांगलीत, अण्णा! एप्रिलमध्ये उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या स्टिअरिंगला हात लावला तर चटका बसतो, आणि हे लोक ते गरम करून द्यायला निघालेत. हसताय ना? मला माहीत होतं तुम्ही हसणार. तुमचा सगळा जन्म याच धंद्यात गेला.

इस्लामपुरात साखर कारखान्याच्या रस्त्याला आपलं दुकान. नव्या ट्रॅक्टरवर शोरूममध्ये नारळ फुटायचा, हार पडायचा आणि तो हारासकट थेट तुमच्या दारात यायचा. दसऱ्या-पाडव्याला तर रांग. वरचं हूड, बंपर, आरसे, गोंडे, रंगीत दिवे, तीन सुरांचा हॉर्न. कंपनीनं नवरी दिली, दागिने घालायचं काम आपलं, असं तुम्ही म्हणायचात. मी सहावीत असल्यापासून शाळा सुटली की दुकानात, आधी रेक्झिन कापायला, मग मशीनवर शिवायला. आजही मला ते दिसतं. तुम्ही नव्या ट्रॅक्टरभोवती एक चक्कर मारताय, हात पायजम्याला पुसताय, तोंडातून शब्द नाही, आणि मालक बिचारा घाबरलाय की नव्या कोऱ्या मालात काही खोट निघाली की काय. मग तुम्ही थांबता, डाव्या चाकावरच्या मडगार्डवर थाप मारता आणि विचारता, "हितं कोन बसनार?"

मालक गांगरायचा. "कोन बसनार मंजी? ट्रॅक्टर माझा, मीच की." "तू स्टिअरिंगवर. हितं कोन?" मग तो लाजायचा. बायको, आई, कुणीतरी असायचंच. शेतातून येताना घरातली बाई मडगार्डवरच बसून यायची, उघड्या पत्र्यावर, हाताला लागेल ते घट्ट धरून. "मग आदी तिची गादी. हॉर्नचं मागनं बघू," असं म्हणून तुम्ही माप घ्यायला वाकायचात. आत काथ्या, वर फोम, त्यावर रेक्झिन आणि धरायला एक लोखंडी कडी. ही आपल्या दुकानाची पद्धत होती. गादी नको म्हणणाऱ्याला तुम्ही पुढचा माल दाखवायचाच नाहीत. लोक मागं हसायचे, 'बायकांच्या गाद्यांचं दुकान' म्हणायचे, आणि पुढच्या दसऱ्याला आपल्या भावाला घेऊन तुमच्याकडंच यायचे.

मला एकदा लय बोलला होतात, आठवतं? एक सुभेदार नुकते फौजेतून रिटायर होऊन आले होते, हौसेनं ट्रॅक्टर घेतला होता. तुम्ही चहाला गेला होतात आणि दुकान माझ्या ताब्यात, वय वर्षं तेरा. मी त्यांच्या गळ्यात सहा आरसे, दोन डझन गोंडे आणि निळे दिवे मारले. ते बिचारे "ओके, ओके" म्हणत गेले. तुम्ही आलात, ट्रॅक्टर बघितलात आणि सगळ्यांदेखत म्हणालात, "त्यास्नी काय पायजे ते इचारलंस, का तुला काय इकायचं हुतं ते इकलंस?" मी फुरंगटून म्हटलं, ते नको म्हणालेच नाहीत. "फौजी मानूस हाय त्यो. त्यो न्हाई म्हनतच न्हाई. आपुन वळखायचं असतं." सगळं माझ्याच हातानं उतरवायला लावलंत. मी रडत रडत स्क्रू काढले. शेवटी सुभेदारांनाच दया आली, "एक दिवा राहू दे बेटा, मला आवडला," म्हणाले. आज माझ्याकडं विक्रीला जी माणसं आहेत ना, त्यांना पहिल्या दिवशी मी हेच वाक्य ऐकवते. तुमचं नाव सांगत नाही, माझंच म्हणून खपवते.

तर या गाडीच्या यादीतलं सगळं झटपट उरकलं, एक सोडून. सीट. तिच्या दोन तऱ्हा आहेत. एक रेसच्या गाडीसारखी, कडक, बाजू उंच, बसलं की कंबर आणि खांदे घट्ट पकडून ठेवते. मी पुण्याहून साताऱ्याकडं येताना शोरूमची गाडी चालवून बघितली तिच्यात हीच सीट होती. घाटातल्या वळणावर गाडी वळली आणि मी जागची हलले नाही. अण्णा, काय सांगू! मी मोठ्यांदा ओरडले, शेजारी शोरूमचा माणूस बसला होता त्याची सुद्धा भीड वाटली नाही. मला तीच सीट हवी होती. दुसरी तऱ्हा मऊ. रुंद, बटणानं वर-खाली होणारी, उतरताना बाजू मांडीला आडवी येत नाही. आणि अट अशी की दोन्ही सीट सारख्याच घ्याव्या लागतात, उजवी एक आणि डावी दुसरी असं चालत नाही.

कडक घेतली तर आई त्या गाडीत जन्मात बसू शकणार नाही. एकोणऐंशी वर्षांची झालीय, डावा पाय अधू तो अधूच. मऊ घेतली तर बसू शकेल. पण खरी गोम पुढंच आहे. आई माझ्या गाडीत बसतच नाही. आजवर कधीच बसलेली नाही. जावयाच्या शेजारी बसते, रिक्षात बसते, एसटीनं एकटी इस्लामपूरला जाऊन येते, पण मी स्टिअरिंगवर असले की हिला मळमळतं. वीस वर्षांहून जास्त झाली, मी विनवण्या करून, रुसून, रागावून थकले. मग जी बसणारच नाही तिच्यासाठी मी माझी हौस मारायची? आणि कडक सीट घ्यायची म्हणजे आईला जणू सांगूनच टाकायचं, की बाई, आता यापुढं मी तुला विचारणार पण नाही. ते काही जिवाला पटेना. आणि शनिवारी दुपारी चारपर्यंत कळवायचं होतं, त्यानंतर बदल नाही.

यादी भरून घेण्यासाठी शोरूमचा तोच माणूस फोन करायचा. तिशीतला असेल. सुरुवातीला नुसतं "मॅम, मे आय सजेस्ट" आणि "मॅम, इट्स अ लाइफस्टाइल चॉईस." ऐकून माझं डोकं उठलं. शेवटी विचारलं, "गाव कुठलं रं तुझं?" आधी इंग्रजीत काहीतरी पुटपुटला. मग म्हणाला, "सातारा." "साताऱ्यात कुठं?" "पाटण." "मग नीट बोल की!" "आवं मॅडम," त्याचा आवाजच बदलला, "आमाला वरनं सांगितलंय तसं बोलायला. आता तुमीच म्हनताय तर बरं झालं." त्यानंतर आमचं काम भराभर चाललं. "गरम सीटचं काय करू?" "सोडा वो. कोयनंच्या थंडीत आमाला लागत न्हाई, तुमाला सांगलीत कशाला?" "आणि गाडीचं नाक वर उचलायचं बटण?" "ते मात्र घ्याच. न्हाईतर पयल्याच स्पीडब्रेकरवर गाडी टेकंल आन् चार मानसं बोलवून उचलायला लागंल. सगळं गाव बघाय येईल." मला तुमची फार आठवण आली. गिऱ्हाईकाला नको ते नको म्हणणारा माणूस मी तुमच्यानंतर फारसा बघितला नव्हता.

त्याला मी सहज म्हटलं, आठवीत असताना मी दीड महिना पाटणला होते, मावशीकडं. "सुट्टीला का?" "नाही, शिक्षेला." 

ती शिक्षा तुम्ही विसरला नसाल. दुकानापुढच्या मोकळ्या जागेत ट्रॅक्टर इकडचे तिकडं करायला तुम्हीच मला शिकवलं होतंत. क्लच दाबायला मला उभं राहावं लागायचं, तरी मी चालवायचे, आणि रस्त्यावरची माणसं सायकली थांबवून बघायची. तुम्ही दारात उभे राहून उगीच दुसरीकडं बघत असायचात, पण मिशीतलं हसू लपायचं नाही. त्या दिवशी एक नवा ट्रॅक्टर होता, हूड बसवलेलं, मागं हूडला तुम्ही स्वतः शिवलेली लांब झालर सोडलेली. मी रिव्हर्स टाकला. मागं काहीतरी धडकलं, पाण्याचं पीप असणार. मी ब्रेक मारला. तेवढ्यात तुम्ही धावत आलात, मला दंडाला धरून पुढच्या बाजूनं खाली ओढलंत आणि सगळ्या गिऱ्हाइकांसमोर ओरडलात, "आजपासनं स्टिअरिंगला हात लावायचा न्हाई! पोरीच्या जातीनं मशीनवर शिवायचं." मी वळून बघायला लागले तर तुम्ही मला बघूही दिलं नाही, ढकलतच रस्त्यावर नेलंत, एका ओळखीच्या माणसाच्या ताब्यात दिलंत आणि त्याच्याबरोबर एसटीनं तडक मावशीकडं धाडून दिलंत. कपड्यांची पिशवी दुसऱ्या दिवशी आली. एका पिपासाठी! मावशीकडं मी आठ दिवस जेवताना रडत होते.

परत आले तर आईचा पाय पट्टीत. मोरीत घसरले म्हणाली. तुम्ही मला परत कधी ट्रॅक्टरवर बसवलं नाहीत आणि मी परत कधी मागितलं नाही. बोलत होतो आपण, पण माझं मन जे आंबलं ते आंबलं. मागच्या झालरी लावणंही तुम्ही तेव्हापासून बंद केलंत, मला वाटलं कापड महागलं असेल. पुढं मी नोकरी करून पैसे साठवून जुनी चारचाकी घेतली, तेव्हा तुम्ही तिला स्वतः कव्हरं शिवून दिलीत, हिरवी, पांढऱ्या दोऱ्याची. माझ्या शेजारी बसून मिरजेपर्यंत आलातही. पण गाडी मागं घ्यायची वेळ आली की दर वेळी खाली उतरून मागं जाऊन उभे राहायचात. मी मनात चरफडायचे, की आता सुद्धा यांचा पोरीवर विश्वास नाही.

आता गुरुवारचं ऐका. दुपारी मी जेवायला घरी आले होते. आई स्वयंपाकघरात पाटावर बसून मेथी निवडत होती, तुमचे जावई ताक घुसळत होते. आईला चिडवायचं म्हणून मी यादी मोठ्यांदा वाचायला लागले. किल्लीला रंग द्यायचा म्हटल्यावर म्हणाली, "दे की, कुटं पडली तर सापडंल तरी." सीटबेल्ट पिवळा म्हटल्यावर, "हळदीचा वाटंल, दुसरा बघ." जावयांनी मध्येच विचारलं, "स्टेपनी कुठं असते यात?" मी म्हटलं, या गाडीला स्टेपनी नसते. त्यावर आईनं हातातली जुडी खाली ठेवली. "स्टेपनी न्हाई? मग ती गाडी पुरी तरी कशी म्हनायची गं? अर्दीच गाडी देत्यात तुला, आन् वर याद्या वाचून दावत्यात!" आम्ही तिघंही हसलो. चांगलं चाललं होतं. आणि मग ती एकदम म्हणाली, "मागचं दिसायचं काय हाय का न्हाई त्यात?"

मी म्हटलं, आहे, कॅमेरा असतो, पुढच्या पडद्यावर मागचं सगळं दिसतं. चारी बाजूंनी दिसणारा पण आहे, पण तो वेगळा मागवावा लागतो.

"ते घे. ते पयलं घे."

"अगं, मागं बघायला आरसे असतात की."

"आरशात मी दिसले नव्हते," आई म्हणाली.

मला कळेना ही काय बोलतेय. मग तिनं मान खाली घालून, मेथीची पानं खुडत खुडत सगळं सांगितलं. त्या दिवशी पिपाच्या मागं ती होती. वाकून घागर भरत होती. ट्रॅक्टर मागं आला, पीप तिच्या अंगावर आलं आणि डावा पाय पीप आणि भिंतीच्या मधे सापडला. पीप मधे होतं म्हणून पायावर निभावलं. ती ओरडली सुद्धा नाही, म्हणाली, आवाजच फुटला नाही. मला तुम्ही पुढच्या पुढं नेलंत ते मला दिसू नये म्हणून. मग गिऱ्हाइकाच्याच ट्रॅक्टरवर घालून तिला दवाखान्यात नेलंत, मडगार्डवर नव्हे, तुमच्या मांडीवर. "तितंच मला शपत घातली अण्णांनी," आई म्हणाली. "पोरीला सांगायचं न्हाई. जलमभर तुझा पाय बघून झुरंल ती. झालर मी लावली, तिला मागचं दिसलं न्हाई, चूक माझी हाय."

"मग मला पोरीची जात कशाला म्हणाले?" माझा आवाज चढला होता.

"कायतरी सांगायला नको व्हय? एका पिपासाटी एवढं का, म्हनून तू इचारलंच असतंस. ते म्हनले, माझ्यावर रागावू दे, रागानं पोर मरत न्हाई."

"आणि मोठी झाल्यावर? ते गेल्यावर?"

"तवा तू गाड्या पळवाया लागली हुतीस. लोकं तोंडात बोटं घालत हुती तुला बघून. मी कशाला मोडता घालू?" मग म्हणाली, "तुझ्या गाडीत बसत न्हाई ते मळमळतंय म्हनून न्हाई गं. तुझा राग बी न्हाई. तू गाडी मागं घ्याय लागलीस की माझा पाय आपसूक आकसतोय. घरात बसून नुसता आवाज आला तरी. माझ्या हातात न्हाई ते."

अण्णा, मी स्वयंपाकघरातच बसकण मारली आणि लहान पोरीसारखी रडले. तुमच्या जावयांना काय करावं सुचेना, त्यांनी मेथीचं ताट उचललं आणि ओट्यावर नेऊन ठेवलं. आई माझ्या पाठीवरून हात फिरवत होती आणि मी तिच्या पायाकडं बघत होते, त्या दोन वाकड्या बोटांकडं, जी मी अडतीस वर्षं रोज बघत आले. मला तुमचा भयंकर राग आला. आणि जीव तुटला तुमच्यासाठी. मी तुम्हाला मागासलेला माणूस समजत होते, आणि तुम्ही खुशाल समजू दिलंत! शेजारी बसून मिरजेपर्यंत आलात, मी तोंड फुगवून गाडी चालवत होते, तरी एक अक्षर बोलला नाहीत. माझ्या लग्नातही नाही, दवाखान्यात शेवटच्या दिवसांतही नाही. एवढं कुणी सोसतं का हो? मी तेव्हा झुरले असते हे खरं. पण तुमच्याशी कसं वागले असते, तेही वेगळंच असतं की. ते आता कुठून आणू?

शनिवारी अकरा वाजताच मी त्या पाटणच्या माणसाला फोन लावला. आई माझ्या गाडीत बसत नाही हे त्याला मागंच बोलून गेले होते. "लिहून घे. मऊ सीट. आणि चारी बाजूंचा कॅमेरा."

"मॅडम! आवं, त्या सीटसाठी तर तुमी घाटात वरडला हुता."

"डावीकडं आई बसणार आहे."

"बरं झालं. कबूल झाल्या मंजी?"

"नाही."

"मग?"

"मग काही नाही. तू लिही."

त्यानं लिहिलं. नुसता "व्हय" म्हणाला, पण असा म्हणाला की मला बरं वाटलं. फोन ठेवून वळले तर आई दारात. कान तिखट आहेत तिचे अजून. मला वाटलं रागावेल, म्हणेल, मी कवा म्हनलं बसते म्हनून. ती आत गेली. दहा मिनिटांनी बाहेर आली ती लुगडं बदलून, चपला घालून, हातात पिशवी. "ती लाल गाडी यायला किती दिस लागत्यात?" मी म्हटलं, सात-आठ महिने. "तवर मी ऱ्हाते का न्हाई कुनाला ठावं. ह्या गाडीतनं ने मला देवळापातूर."

मी दार उघडून धरलं. ती आधी बसली, मग दोन्ही हातांनी डावा पाय उचलून आत घेतला. मी आरसे दोनदा नीट करून घेतले, अण्णा, रोज गाडी चालवणाऱ्या बाईनं. आमच्या घराच्या फाटकातून गाडी मागंच घ्यावी लागते, त्याला इलाज नाही. मी रिव्हर्स टाकला आणि थांबले. आईनं वरची कडी पकडली होती, ती सोडली. कंबरेतून पूर्ण मागं वळली, हात माझ्या सीटच्या पाठीवर ठेवला आणि खणखणीत आवाजात सुरू झाली, "येऊ दे... येऊ दे... उजवीकडं घे जरा... येऊ दे... बास!" कुठं शिकली कोण जाणे. समोरच्या घरातली माणसं गॅलरीत आली. रस्त्याला लागलो तेव्हा ती घामाघूम झाली होती आणि हसत होती. देवळापर्यंत म्हणालेली बाई पुढं नदीवरच्या पुलापलीकडं नेऊन आणली तरी कुरकुरली नाही. फक्त दोनदा म्हणाली, "हळू की गं, इमान हाय का हे?"

एक सांगायचं राहिलं. हे पत्र पोचवता आलं असतं तर कदाचित इथून पुढचं मी लिहिलंच नसतं. मला हल्ली महिला दिनाला भाषणाला बोलावतात, कॉलेजांत, कुठं कुठं. तिथं मी गेली कित्येक वर्षं एकच गोष्ट सांगते, वडिलांनी मला पोरीची जात म्हणून ट्रॅक्टरवरून खाली ओढलं आणि मी कशी जिद्दीनं उभी राहिले ती. मुली उठून उभ्या राहतात, अण्णा, टाळ्या थांबत नाहीत, आणि मला ते फार आवडतं. पुढच्या महिन्यात साताऱ्याला पुन्हा बोलावणं आहे. आईला ते कळलंय. काल म्हणाली, "मी बी येते तुझ्या गाडीतनं. पुढच्या रांगेत बसते, काय बोलतीस ते आयकते." वीस वर्षं जिला गाडीत बसवायला मी धडपडले, तिला मी अजून चल म्हटलेलं नाही.